भिंतीला सांगितलेले निरोप

माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कळत नाही, त्याबद्दल माफी असावी. शाळा चौथीपर्यंत झाली. पाचवीसाठी दुसऱ्या गावी जावं लागायचं आणि घरी सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या बांधायला हात कमी पडायचे. ही वही कोणी वाचणार नाही, पेटीत लुगड्यांखाली राहणार आहे, तरी पहिल्याच ओळीत मी माफी मागून मोकळी झाले. कोणाची मागितली ते मलाही माहीत नाही. खोडत नाही, राहू देते. इतक्या वर्षांची खोड एका ओळीत जात नसते.

माझा नवरा बारा-तेरा वर्षं माझ्याशी बोलला नाही.

यावरून कोणाला वाटेल की तो मुका आहे, किंवा दूर कुठे नोकरीला आहे. तसं काही नाही. आम्ही बार्शीटाकळीला एकाच घरात राहत होतो, तो माझ्यापासून दोन हातांवर बसून जेवत होता. बाहेर तर भरपूर बोलतो. अकोल्याच्या बाजारात वांग्याच्या भावावरून तासभर हुज्जत घालेल. म्हशीशी बोलतो, मोटारपंपाला शिव्या देतो, टीव्हीतल्या बातमीवाल्याला उत्तरं देतो. फक्त मी त्या यादीत नव्हते.

कारण सांगते. आमच्या वावरात विहीर खोदली तेव्हा माझ्या बाबांनी एक लाख रुपये दिले होते. बाबांचा अमरावतीजवळ भाजीचा आणि फुलांचा मळा होता. त्या वर्षी झेंडूला कधी नव्हे तो भाव मिळाला, तो सगळा पैसा त्यांनी जावयाच्या हातात ठेवला. "उसने समजा, सवडीनं द्या," म्हणाले. नवऱ्याचे मामा तेव्हा शेजारीच बसले होते. विहिरीला पाणी लागलं. दोन वर्षं गेली. एकदा पाहुणे आले, नवऱ्यानं त्यांना वावरात नेऊन विहीर दाखवली आणि घरी येऊन म्हणाला, "माह्या एकट्याच्या कमाईची विहीर हाये. कोनाचा एक रुपया नाई लागला."

मी चहा घेऊन येत होते. म्हणाले, "बाबानं पैसे दिले होते न."

भांडण म्हणून नाही म्हणाले. चहात साखर कमी आहे असं सांगावं, तसं तोंडातून निघालं. पाहुण्यांनी कपात पाहिलं. नवऱ्यानं भिंतीकडे पाहिलं. त्या दिवसापासून तो भिंतीकडेच पाहत राहिला. मुलगी तेव्हा चार वर्षांची होती.

पुढे बाबा वारले. त्या पैशाचं नाव काढणारं कोणी उरलं नाही. मी काढलं होतं, तर मला हे मिळालं होतं.

आमच्या घरचा अबोला कसा चालायचा ते लिहून ठेवते, कारण कोणाला सांगितलं तर हसायला येतं. सकाळी सासूबाईंना तो म्हणायचा, "भाकर वाढा म्हना." सासूबाई माझ्याकडे तोंड करून म्हणायच्या, "भाकर वाढ म्हन्ते." मी तिथंच तवा घेऊन उभी. सासूबाई देवळात गेल्या असल्या तर तो भिंतीला सांगायचा, "आज वावरात चार मानसाईचं जेवन लागन." भिंत काही स्वयंपाक करत नव्हती. मी करायची. मुलगी निरोप सांगण्याएवढी झाली तसं तिला कामाला लावलं. "तुह्या मायले सांग," म्हणायचा, आणि ती एवढीशी पोर मान वळवून म्हणायची, "आई, बाबा म्हणतात सदरा धुतला का." मी तिलाच सांगायची, धुतला म्हणावं. ती परत मान वळवायची. कबुतर पाळावं तशी आम्ही ती पोर पाळली.

अबोला सोडवायची त्या घरात एक रीत होती. ज्याची चूक, त्यानं दुसऱ्याच्या आवडीचं करायचं, ताट वाढायचं आणि दाराआड उभं राहायचं. समोरचा जेवला की झालं, मिटलं. सासूबाईंनी मला ती पहिल्याच आठवड्यात सांगितली. त्याला पाटोडीचा रस्सा आवडतो. बेसन घोटायचं, थापायचं, वड्या पाडायच्या, खोबरं-खसखस भाजून रस्सा करायचा. अर्धा दिवस जातो. मी केला. तो जेवला, दोनदा रस्सा मागून घेतला, अर्थात भिंतीकडून. आणि बोलला नाही. पुढच्या महिन्यात परत केला. परत जेवला. इतकी वर्षं तो माझी माफी चाटून पुसून खात होता आणि ढेकर देऊन अंगणात जात होता. मी दाराआड उभी. आता आठवलं की त्याच्यापेक्षा माझीच जास्त किळस येते.

आणि लोक काय म्हणायचे? "नशीबवान हायेस वं. दारू नाई, मारझोड नाई. कसा शांत मानूस भेटला." शेजारणीच्या पाठीवर वळ असायचे, ती मला म्हणायची की तुझं बरं आहे. सासूबाई म्हणायच्या, "थो बोलत नाई म्हन्जे का मारते का तुले?" अंगावर खूण नसली की दुखणं खोटं, हा या लोकांचा दवाखाना.

मुलगी दहावीला चांगल्या मार्कांनी पास झाली. तिला अकरावीला अमरावतीला क्लास लावायचा ठरला. राजापेठेत एक खोली घेतली, तिच्यासोबत मी. "मायलेकी जाऊ द्या म्हना," तो भिंतीला म्हणाला. राजापेठेत क्लासच्या पोरी मेसच्या जेवणाला कंटाळलेल्या असतात. मी डबे करायला लागले. आधी चार, मग बारा. पोरींचे निरोप चिठ्ठीवर यायचे, बोलायची फारशी गरज पडायची नाही. मला ते बरं वाटायचं.

एकदा मुलीची परीक्षा होती आणि मी तिला पहाटे उठवायला विसरले. ती तशीच पळत गेली. संध्याकाळी आली, दप्तर टाकलं आणि कपाटाकडे पाहून म्हणाली, "मला जेवायचं नाही म्हणावं."

खोलीत आम्ही दोघीच होतो. तीन दिवस ती कपाटाशी बोलली. आणि मी काय केलं? तिच्या आवडीची शेवभाजी केली, ताट वाढलं आणि दाराशी जाऊन उभी राहिले. पोटच्या पोरीसमोर, हात पुढे बांधून. तिनं घास घेताना वर पाहिलं, मला तसं उभं पाहिलं, आणि तिच्या हातातला घास ताटात पडला. "आई, तू अशी काहून उभी आहेस? आई, बस ना," म्हणाली आणि रडायला लागली. दुसऱ्या दिवशी क्लासमध्ये पोरांसाठी एक समुपदेशक ताई बसतात, त्यांना तिनं जाऊन सगळं सांगितलं. ताईंनी मला बोलावलं. मग म्हणाल्या, मुलीचं मी पाहते, पण तुम्ही स्वतःसाठी दुसऱ्या ताईंकडे जा. पत्ता लिहून दिला, जवळच, एका औषधाच्या दुकानावर. फी अर्धी करून घ्यायला त्यांनीच सांगितलं.

मी गेले ती मुलीसाठी. स्वतःसाठी दवाखान्यात जाणाऱ्या बायका मी फक्त जाहिरातीत पाहिल्या आहेत.

या दुसऱ्या ताई माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, केस कापलेले, मराठी पुस्तकातली. टेबलावर नाक पुसायचे कागद मांडून ठेवलेले, जसं काही पंगतीत मीठ. मी ठरवलं, रडायचं नाही. त्यांनी एक तक्ता दाखवला. त्यावर पिवळी गोल तोंडं काढलेली, एक हसणारं, एक रडणारं, एक दात खाणारं, अशी वीस-पंचवीस.

"यातलं तुमच्या मनासारखं कुठलं वाटतं?" ताई म्हणाल्या.

मी सगळी पाहिली. "यातलं एकबी तोंड आमच्याकडचं नाई," म्हटलं.

त्या हसल्या. मला वाटलं, पैसे घेऊन हसतात.

पहिले दोन आठवडे त्या विचारत होत्या आणि मी हो-नाही करत होते. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी एक प्रश्न विचारला, की नवरा बोलायचा बंद झाला तेव्हा तुम्हाला काय वाटायचं. आणि मग त्या गप्प बसल्या. एक मिनिट, दोन मिनिटं. पंखा फिरत होता. मी हातातल्या पिशवीचा बंद गुंडाळत होते. त्या माझ्याकडे पाहत होत्या, पण बोलत नव्हत्या. माझ्या पोटात तोच गोळा उठला, जो बार्शीटाकळीला रोज उठायचा. म्हटलं, झालं. हिलाही मी नाराज केलं. वेळ संपली, मी उठून आले.

पुढच्या आठवड्यात मी पाटोडीचा रस्सा करून नेला. बाराही डब्यांना त्या दिवशी साधी आलूची भाजी गेली. ताईंच्या टेबलावर कागदांच्या बाजूला डबा उघडून ठेवला, पोळ्या ठेवल्या, आणि मी दाराशी जाऊन उभी राहिले.

"हे काय? बसा ना," त्या म्हणाल्या.

"चुकलं माझं."

"काय चुकलं?"

"मले का माईत. तुमी बोलत नव्हत्या."

त्या डब्याकडे पाहत राहिल्या, मग माझ्याकडे. त्यांचा चेहरा बदलला. त्या म्हणाल्या, "मी गप्प होते ते तुम्हाला बोलायला जागा मिळावी म्हणून. मी रागावले नव्हते. हे मी आधी सांगायला हवं होतं, ती माझी चूक." मग डब्याचं झाकण लावून म्हणाल्या, "वास फार छान येतोय. पण मी हे खाणार नाही. मी खाल्लं तर त्याचा अर्थ होईल की तुमचं खरंच काही चुकलं होतं."

मला राग आला. एवढ्या मेहनतीचा रस्सा, आणि शिकलेली बाई अर्थ काढत बसली. पुस्तकं वाचली की माणसाला अन्नाची किंमत राहत नाही असं मनात म्हटलं. तास तसाच गेला. खाली उतरताना जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसले, डबा उघडला आणि खाल्ला. अजून कोमट होता. इतकी वर्षं पाटोडी केली, पण मला कायम तळाचा रस्सा आणि फुटलेल्या वड्या मिळायच्या. त्या दिवशी अख्ख्या वड्या खाल्ल्या. चांगल्या झाल्या होत्या. औषधाच्या दुकानातला माणूस माझ्याकडे पाहत होता. पाहू दे.

त्यानंतर मी बोलायला लागले. कोणी म्हणेल जादू झाली. जादू कसली? वावरातून आल्यावर लुगड्याला कुसळं चिकटलेली असतात, ती बसून एकेक काढावी लागतात आणि वरून बोटांत रुततात. तसं काम आहे ते, आणि ते मीच करत होते, ताई नुसती दिव्यासारखी बाजूला. ज्या गोष्टी कळायला लागल्या त्या सांगितल्या तर शेंबडं पोरही म्हणेल की यात काय मोठं. किराणावाला पैसे घेऊन एक शब्द बोलला नाही, तर दिवसभर मला वाटायचं मी काय केलं. आता मान लांब करून पाहिलं, तर तो मोबाईलवर क्रिकेट पाहत होता. चाळिशी ओलांडल्यावर मला हे कळलं. बाकीचं जग हे घेऊनच जन्माला येतं.

एकदा ताईंनी रिकामी खुर्ची समोर ठेवली. "या खुर्चीत ते बसले आहेत असं समजा. त्यांना काय सांगायचं आहे ते सांगा."

मी म्हटलं, "ताई, त्यानं तेरा वर्षं भिंतीले सांगतलं. आता तुमी मले खुर्चीले सांगाले लावता."

या वेळी मीही हसले. मग खुर्चीकडे पाहिलं. ताईंना वाटत असेल की आता ही रडेल, म्हणेल मला प्रेम का दिलं नाही. त्यांनी कागदांचा डबा थोडा पुढेही सरकवला होता. मी म्हटलं, "माह्या बाबाचे पैसे वापस दे."

"एवढंच?" ताई म्हणाल्या.

"एवढंच."

त्यांनी विचार केला आणि म्हणाल्या, "त्या दिवशी चहा आणताना तुम्ही हेच म्हणाला होतात."

हो. मी खरं बोलले होते आणि त्याची शिक्षा भोगली होती. तो माझ्याशी बोलावा असं आता मला वाटत नव्हतं. त्याच्या बोलण्यात असं काय सोनं लागलं होतं? पण तो पैसा बाबांचा होता हे त्याच्या हातून, त्याच्या खिशातून खरं व्हायला हवं होतं. नाहीतर मी जन्मभर खोटी.

घरी येऊन आधी मुलीला सांगितलं, "आजपासून तू निरोप न्यायचे नाही. त्याचे नाही आणि माझेही नाही."

"मग तुम्ही दोघं बोलणारच नाही."

"नाही तर नाही."

तिनं पुस्तक उघडलं, परत मिटलं. मग म्हणाली, "आई, मला फार कंटाळा आला होता गं त्याचा." आणि अभ्यासाला बसली.

दिवाळीआधी तो मुलीला भेटायला आला. पोतंभर वांगी आणि मिरची घेऊन. खाटेवर बसला आणि मुलीला म्हणाला, "तुह्या मायले सांग, मिरची तोडाले मानसं नाई भेटून राह्यले. आठ दिवस घरी ये म्हना."

मुलगी पुस्तकातून वर न पाहता म्हणाली, "बाबा, ती इथंच बसली आहे."

त्याची पंचाईत झाली. त्यानं खोलीत भिंत शोधली. आमची खोली एवढी लहान की भिंतीआधी सिलेंडर येतं. तो सिलेंडरला म्हणाला, "इथं पानी-गिनी भेटते का?"

मी त्याला पाणी दिलं आणि म्हटलं, "विहिरीचे एक लाख बाबानं दिले होते. थे मले वापस पाह्यजे."

माझा आवाज चिरका निघाला. त्यानं पाणी पिऊन भांडं खाली ठेवलं आणि मुलीला विचारलं, "हिले कोन शिकवून राह्यलं?" मग चप्पल घालून गेला. पोतं राहिलं. मी ती वांगी डब्यांना वापरली.

संध्याकाळी सासूबाईंचा फोन. ताईंचं त्यांना नातीकडून आधीच कळलं होतं. "काहून वं, नवऱ्याले पैसे मांगतेस? थे केसं कापलेली बाई शिकवते का तुले?"

"नाई आत्याबाई. मले आधीपासूनच येत होतं."

"आमी तुले का कमी केलं? त्यानं कदी हात तरी उचलला का तुह्यावर?"

"नाई उचलला."

"मंग?"

"मंग पैसे द्या म्हना."

त्यांनी फोन ठेवला. फोन ठेवल्यावर पोटात गोळा उठला की नाही ते मी तपासून पाहिलं. उठला होता, पण लहान.

हिवाळ्यात नणंदेच्या मुलीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, अकोल्याला एका हॉलमध्ये होतं. मी जाणार नव्हते. ताई म्हणाल्या, जा किंवा जाऊ नका, पण भीतीनं ठरवू नका. शिकलेल्या माणसांचे सल्ले असे असतात, दोन्ही दारं उघडी ठेवतात आणि वारा आपल्याला लागतो. मी गेले. जेवण घेऊन बायका प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसल्या होत्या, पलीकडे पुरुष. नवऱ्याच्या चुलत काकू ताटातला गुलाबजामून फोडत मला म्हणाल्या, "तू तिकडे अमरावतीले राह्यतेस, इकडे त्याचे हाल. पन कदी बोलला का? गाय हाये गाय. बिचाऱ्याच्या तोंडातून शब्द नाई निंघत."

हे मी शंभर वेळा ऐकलं होतं. शंभर वेळा मान खाली घातली होती.

"शब्द निंघते काकू," मी म्हटलं. "माह्याशीच नाई निंघत. तेरा वर्षं झाले."

बायका हसल्या. त्यांना वाटलं, गंमत करते. मी हसले नाही, तशा एकेक करून थांबल्या. "विहिरीचे एक लाख माह्या बाबानं उसने दिले असं मी पाहुन्याईसमोर म्हटलं, तवापासून थो भिंतीशी बोलते. पैसेबी नाई दिले आन् बोललाबी नाई."

पलीकडे मामा बसले होते, आता ऐंशीच्या घरातले. त्यांनी चमचा ताटात ठेवला. "दिले होते पैसे. मी होतो तिथं," म्हणाले. मग माझ्या नवऱ्याकडे वळून, "काहून रे, वापस नाई केले का?"

सगळा हॉल त्याच्याकडे पाहत होता. त्यानं फुगे लावलेल्या भिंतीकडे पाहिलं आणि मामांना म्हणाला, "हिले सांगा, इथं तमाशा करू नको म्हना."

"मी पोस्टमन हावो का?" मामा म्हणाले. "थे तुह्यासमोर बसली हाये, तूच सांग न."

आधी कोणीतरी एक पोरगी फिसकन हसली. मग काकू हसल्या. मग सगळे. गाय म्हणणारेच आता हसत होते. हीच माणसं, दहा मिनिटांत. मला त्यांच्या हसण्याचा आधार वाटायला हवा होता, पण वाटला नाही. मला त्यांची दया आली, आणि थोडी घाण. नवरा भिंतीकडे पाहत उभा होता, त्याचे कान लाल झाले होते. मी हात धुवायला म्हणून मागे गेले आणि सगळं जेवण ओकून टाकलं.

ताईंनी नंतर विचारलं, "बोलल्यावर कसं वाटलं?"

"गुलाबजामून बाहेर आला," मी म्हटलं.

त्या थांबून राहिल्या, गप्प. मला कळलं की त्या वाट पाहताहेत. मी अंगावर काही घेतलं नाही. थोड्या वेळानं म्हटलं, "हलकं वाटलं."

पैसे तीन वेळा आले. पहिले मामांच्या धाकानं, पंधरा दिवसांतच, मुलीच्या खात्यावर. दुसरे हळद विकल्यावर. मोबाईलनं त्याची मोठी सोय केली, एक शब्द न बोलता देणं फिटतं. तिसऱ्या वेळी मात्र त्याला यावं लागलं. मुलीनं आपल्या खात्यावर आता पैसे घ्यायला नाही म्हटलं होतं. "आईचे पैसे आहेत, आईला द्या," इतकंच फोनवर बोलली.

तो सकाळी आला. मी डबे भरत होते, बारा झाकणं ओट्यावर उघडी. त्यानं खिशातून रुमाल काढला, त्यातले पैसे काढून ओट्याच्या कडेला ठेवले आणि उभा राहिला. आता म्हातारा दिसतो. मी हात पुसले आणि नोटा मोजायला घेतल्या.

"पुरे हायेत," तो म्हणाला. "मोजून घे."

मला म्हणाला. सिलेंडरला नाही. खोलीत दुसरं कोणी नव्हतं आणि तो माझ्या तोंडाकडे पाहत होता. या आवाजासाठी मी किती वर्षं दाराआड उभी होते. साधा होता आवाज, थोडा बसलेला, बाजारात ओरडून ओरडून झालेला. तसे आवाज राजापेठेत गाडीगाडीवर ऐकू येतात. मध्ये बोलल्यामुळे माझी मोजणी चुकली, म्हणून मी पुन्हा पहिल्यापासून मोजले. तो थांबून होता. वरणाला उकळी येत होती, त्याचं लक्ष तिकडे होतं. मी त्याला जेवायचं विचारलं नाही.

पैसे पूर्ण होते. "झाले पुरे," मी म्हटलं, आणि तो जिना उतरून गेला.